तिकडचे बारा

गालावर वस्तरा टेकलेला होता तेव्हाच स्फोट झाला, आणि गफ्फार खुर्चीतून सुटून थेट जमिनीवर पालथा झाला. तोंड कापलेल्या केसांत, दोन्ही हात मानेमागं, कोपरं आत. भिंतीवरचा आरसा थरथरला आणि फळीवरची तुरटी घरंगळून त्याच्या पाठीवर पडली, एवढंच. मग दुकानात हशा पिकला. बाकावर पेपर वाचत बसलेले दोघं हसले, वस्तरा धरलेला मोहसीन आधी घाबरला, मग तोही हसला आणि म्हणाला, "चाचा, खदान का बलास्टिंग है. उठो." गफ्फार उठला. गालावर बोटभर चीर पडली होती आणि फेसातून रक्त खाली येत होतं. खदानीचं ब्लास्टिंग म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायला नको होतं. चार वर्षं त्याच खदानीवर तो भोंगा वाजवत होता. रोज दुपारी दोनला सुरुंग उडायचे. त्याआधी दहा मिनिटं, मग पाच मिनिटं, मग एक मिनिट, असा तीनदा भोंगा द्यायचा, हे त्याचं काम. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी चालून आली होती. ती सोडून त्यानं ही मागून घेतली होती, आणि का मागून घेतली ते बायकोलाही धड सांगितलं नव्हतं. आज मंगळवार, त्याची सुटी. आणि मोहसीनच्या दुकानातल्या घड्याळात साडेनऊ वाजले होते.

भोंगा वाजलाच नव्हता. तुरटी लावता लावता मोहसीननं सांगितलं की नव्या ठेकेदारानं आजपासून वेळ बदलली, काल संध्याकाळी मोबाइलच्या ग्रुपवर तसं टाकलं होतं, तुम्ही बघितलं नाही का. गफ्फारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रुपवर टाकलं! पठाणपुरा दरवाजापासून नदीपर्यंतच्या घरांत किती म्हाताऱ्या कोताऱ्या, किती बाळंतिणी, त्या काय ग्रुपवर बसल्या आहेत? त्यानं तिथूनच खदानीच्या कंट्रोल रूमला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. बाकावरचा एक जण हसू दाबत म्हणाला की फौजी माणूस असून आवाजाला भिता, आणि गेल्या उन्हाळ्यात चार दिवस टीव्हीवर एवढे बॉम्ब पडले तेव्हा आम्ही तर मजेत बघत होतो. गफ्फारनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पेपर तोंडासमोर धरला. मजेत बघत होते हे खरंच होतं. याच दुकानात, याच बाकावर, चहा पीत. आवाज कधी होणार हे ज्याला आधी कळलेलं नसतं तो कसा जमिनीवर पालथा पडतो, हे टीव्हीत दिसत नाही. त्यानं अर्धी दाढी तशीच पुसली आणि बस स्टँडकडे निघाला.

सिंदेवाहीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मूल गावच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंनी सागाचं पानगळलेलं रान सुरू झालं, मधूनच पळसाचं एखादं झाड फुलांनी लाल झालेलं, आणि तो गालावर रुमाल दाबून कुढत बसला. सकाळी घरून निघताना बायकोनं, खुर्शीदानं, दारात उभं राहून बजावलं होतं: हर साल जो दो जुमले बोलते हो, वही बोलना, तीसरा नहीं. दोन वाक्यं अशी होती की लोकेश बहाद्दर जवान होता, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. सहा वर्षं माघ महिन्यात, पुण्यतिथीला, तो सीमेवर मारल्या गेलेल्या या सोबत्याच्या गावी जाई, ही दोन वाक्यं बोले, लोकेशच्या आईच्या, कमळाबाईच्या हातचे लाखोळीच्या डाळीचे वडे खाई आणि संध्याकाळच्या बसनं परत येई. लोकेशचा बाप गुणवंतराव दरवर्षी त्याला एकच विचारी, की लोकेश गेला तेव्हा कितीक वाजले होते. गफ्फार सांगे, बारा वाजून वीस मिनिटं. म्हातारा मान हलवी, जणू त्यालाही तेवढंच हवं होतं. यंदा दगडी स्मारक उभं राहिलं होतं आणि त्याच्यावर ती वेळही कोरली होती, कारण गुणवंतरावांनी हट्टच धरला होता. आणि यंदा आणखी एक गोष्ट होती. लोकेशचा धाकटा भाऊ हेमराज भरतीत निवडला गेला होता. पुढच्या सोमवारी तो ट्रेनिंगला जाणार होता, आणि फोनवर त्यानं गफ्फारला सांगितलं होतं, "भाऊ, मी पोस्टिंग तिकडंच मागतो. मले त्याइचे तोंड पाहाचे आहेत." त्याइचे म्हणजे कोणाचे हे विचारायची गरज नव्हती. गेला महिनाभर गफ्फारला ते वाक्य काट्यासारखं टोचत होतं.

बारा वाजून वीस. तिकडे तेव्हा अकरा पन्नास झालेले. हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं आणि गफ्फारला मात्र झोपेतही ठाऊक होतं, की तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं चालतं. सीमेवरच्या त्या डोंगरात, पत्र्याच्या छताच्या खोलीत, भिंतीवर दोन घड्याळं होती. एकाखाली खडूनं 'आपलं' लिहिलेलं, दुसऱ्याखाली 'तिकडचं'. मध्ये टेबलावर एक काळा फोन. दर मंगळवारी आपल्या दहा वाजता तो वाजे, किंवा इकडून लावला जाई; एक मंगळवार त्यांचा, एक आपला. दिल्लीत आणि तिकडच्या राजधानीत मोठमोठे करार झालेले होते. सैन्याचा मोठा सराव असेल तर आधी कळवायचं, विमानं सीमेपासून इतकी दूर ठेवायची, तोफा अमुक जागी आणायच्या नाहीत. ट्रेनिंगच्या वर्गात ते सगळं फळ्यावर लिहून दाखवलं होतं आणि सगळ्यांनी जांभया देत उतरवून घेतलं होतं. पण तो करार शेवटी येऊन टेकायचा कुठं, तर या टेबलावर, गफ्फारच्या बॉलपेनापाशी. उद्या आमच्याकडे रस्त्यासाठी दगड फोडतील, आवाज होईल, गोळीबार समजू नका. परवा गावात लग्न आहे, फटाके उडतील. तो आवाज गोळीचा नाही, एवढंच एकमेकांना सांगायचं. बाकी दोन्हीकडच्या तोफा आपापल्या जागी तोंड उघडून बसलेल्याच होत्या, फक्त या फोनमुळे त्यांना उगाच भुंकायचं कारण मिळत नव्हतं.

त्याला फोनवर बसवलं तेही गमतीनंच. तू मुसलमान, तुला उर्दू येतच असणार, असं कॅप्टन साहेब म्हणाले. गफ्फार चंद्रपूरच्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला. घरात जी हिंदी बोलत तिला नागपूरपलीकडे कोणी हिंदी म्हटलं नसतं. पहिल्याच मंगळवारी पलीकडचा माणूस थबकला आणि म्हणाला की हवालदार साहेब, आप कौन सी ज़बान बोल रहे हैं, कानों को बड़ी भली लगती है. त्याचं नाव दिलावर. हुद्दा हवालदारच. तीन वर्षं दर मंगळवारी त्या आवाजाशी बोलायचं, तोंड कधी पाहायचं नाही, कामाशिवाय शब्द बोलायचा नाही असा नियम, आणि तरी नियमाच्या फटीतून एवढं कळलं की त्याला दोन बहिणी आहेत, दाढदुखी आहे, आणि कारल्याची भाजी आवडत नाही. घड्याळाचं कोणी ठरवलं नव्हतं. कागदावर 'वेळ' एवढंच लिहिलेलं. कोणाची वेळ, ते नाही. पण तिसऱ्या-चौथ्या मंगळवारी दिलावर आपल्या घड्याळात अर्धा तास मिळवून सांगू लागला, म्हणजे इकडच्या माणसाला आकडेमोड नको. मग गफ्फारही अर्धा तास वजा करून सांगू लागला. बोलणाऱ्यानं ऐकणाऱ्याच्या घड्याळात बोलायचं, अशी त्या दोघांची रीत पडली. ती कुठल्या करारात नव्हती. पाहुण्याला आधी वाढावं, तेवढीच साधी गोष्ट होती ती, आणि तीन वर्षांत त्या रीतीमुळे एक गोळी चुकीची सुटली नाही.

मूलच्या स्टँडवर बस थांबली. गफ्फारनं पुन्हा कंट्रोल रूमला फोन लावला. वाजत राहिला. कोणीतरी तिथं बसलेलं असणारच, पाय टेबलावर ठेवून. त्याच्या मनात आलं की इथंच उतरावं, परत जावं आणि त्या ठेकेदाराची गचांडी धरावी. गफ्फारचा बाप दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं होता. रोज फाटकावर त्याचे खिसे तपासत, आगपेटीची एक काडी सापडली तरी नोकरी जायची. बॉम्ब बनवताना एवढी काळजी! एकेक स्क्रू दोनदा तपासतात. आणि तोच बॉम्ब उडवायचा की नाही, हे ठरतं कशावर, तर कोणी कोणाला किती वाजता सांगितलं यावर, आणि तिथं मात्र चलता है, ग्रुप पे डाला था. शेजारच्या सीटवरची बाई त्याच्या गालाकडे बघत होती. तो स्वतःशी बोलत होता हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

पण ठेकेदारावर ओरडून काय होणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ. सात वर्षांपूर्वी, लोकेश गेला त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, फोनवर दिलावर नव्हता. बहिणीच्या लग्नाला सुटीवर जातो म्हणून आधीच्या आठवड्यात त्यानं सांगितलं होतं. नवा आवाज कोरडा, पुस्तकी, शब्द मोजून टाकणारा. कल शाळेच्या रस्त्यासाठी पत्थर तोडणार, बारह से एक. फोन ठेवला गेला. गफ्फारनं रजिस्टरात बारा ते एक लिहिलं आणि पेन हातात धरून तसाच बसला. त्याला वाटलं, हा नवा माणूस, याला आमची रीत कोण शिकवणार. हा आपल्याच घड्याळातून बोलला असणार. तिकडचे बारा म्हणजे इकडचे साडेबारा. त्यानं बारा खोडलं आणि साडेबारा ते दीड असं लिहिलं. परत फोन लावून एक शब्द विचारता आला असता, की किसके बारह? विचारलं नाही. का विचारलं नाही, यावर सात वर्षं डोकं आपटून त्याला एकच उत्तर सापडलं होतं, आणि ते त्याला अजून भाजतं. त्या नव्या माणसाकडून आपल्याला इतकं चांगुलपण अपेक्षितच नव्हतं. दिलावर चांगला, तो आपला; बाकीचे कसले असणार? आणि दिलावर जाताना त्या माणसाला बसवून सगळं शिकवून गेला होता. त्यानं गफ्फारच्याच घड्याळात सांगितलं होतं.

बुधवारी आपल्या बाराला डोंगरापलीकडे पहिला स्फोट झाला. पुढच्या चौकीत गफ्फारच्या अक्षरातला कागद भिंतीला लावलेला होता: साडेबारा ते दीड, दगडफोड. घड्याळात बारा. म्हणजे हा गोळीबारच. चौकीनं पाच मिनिटं वाट पाहिली, दुसरा स्फोट झाला, मग तिसरा, आणि आपल्या उखळी तोफेनं पलीकडे तीन गोळे टाकले. तिकडे कोण होतं? दगड फोडणारे मजूर, शाळेचा रस्ता बघायला आलेले कोणी. बारा मिनिटांनी तिकडून उत्तर आलं. लोकेश बंकरबाहेर दोरीवर धुतलेले मोजे वाळत घालत होता. सिंदेवाहीकडचा हा एकटाच जवान, ज्याच्याशी गफ्फार आपल्या बोलीत बोलू शके. दिवसातून एकदा तरी तो येऊन म्हणायचा, गफ्फारभाऊ, आपल्याकडं आता धान मळून-चुरून झाला असन. बारा वाजून वीस मिनिटांनी त्याच्या हातात एक मोजा तसाच होता. गफ्फार रजिस्टर उराशी धरून धावत गेला होता, आणि त्यानं तो मोजा पाहिला.

संध्याकाळी कॅप्टन साहेबांनी त्याला बोलावलं. गफ्फारनं सगळं सांगितलं, खोडलेली ओळ दाखवली. साहेबांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले की हे पान राहिलं तर तुझं कोर्ट मार्शल होईल, ते तर होईलच, पण तुझं नाव गफ्फार आहे, पेपरवाले तुझं काय करतील, तुझ्या घराचं काय करतील, विचार कर. पान फाटलं. दुसऱ्या पानावर गफ्फारनंच, आपल्याच अक्षरात, लिहिलं की कोणतीही पूर्वसूचना मिळाली नाही. त्याला वाचवण्यात आलं. याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप होता, की त्याला दयेनं वाचवलं, आणि त्या दयेची किंमत म्हणून पलीकडच्या माणसांना खोटं ठरवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. चौकशा झाल्या, निवेदनं झाली, त्यांनी विश्वासघात केला असं टीव्हीवर चार दिवस चाललं, आणि वरून हुकूम आला की तो फोन उचलायचा नाही. पुढच्या मंगळवारी, पाळी इकडची असूनही, दहाला फोन वाजला. गफ्फार टेबलापाशी होता. बावीस घंटा झाल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारीही वाजला. तिसऱ्या मंगळवारी घंटा इतकी लांबत गेली की तो दिलावरच असणार याची त्याला खात्री पटली, सुटीवरून परत आलेला, काय झालं म्हणून विचारणारा. गफ्फारनं रिसीव्हरवर हात ठेवला. नुसता ठेवला. प्लास्टिक तळव्याखाली थरथरत होतं. मग ते थांबलं. चौथ्या मंगळवारी फोन वाजला नाही, आणि त्यानंतर दोन वर्षं त्या डोंगरात कोणी कोणाला काहीच आधी सांगितलं नाही. किती गेले, दोन्हीकडचे, ते मोजायचं त्यानं सोडून दिलं.

गावात शिरताना स्पीकरची जीप आडवी आली. वडशाची नाटक कंपनी, आज रात्री गावात प्रयोग, शहीद लोकेशच्या बलिदानावर आधारित तीन अंकी, नृत्य-गीतांसह. गफ्फारनं ते नाटक मागच्या साली बघितलं होतं. त्यात काळा चष्मा घातलेला पाकिस्तानी मेजर फोनवरून गोड बोलतो, की भाईजान, आमच्याकडून गोळी सुटणार नाही, आणि फोन ठेवून खदाखदा हसतो आणि तोफ डागतो. लोकांनी मेजरवर चपला फेकल्या होत्या. तो नट बिचारा ब्रह्मपुरीचा, घरी पाच एकर धान, आणि चपला लागल्या म्हणजे भूमिका जमली म्हणून खूश. पण फोन! सगळ्या गोष्टीत एकच खरी चीज ती होती, आणि तिलाच त्यांनी खोटी करून टाकली. आता या गावातलं पोर न् पोर असं धरून चाललं होतं की पलीकडचा माणूस फोन करतो तो दगा द्यायलाच.

मंडपात खुर्च्या भरलेल्या. स्मारकाचा काळा दगड, वर फुलांची चादर. गुणवंतराव पुढच्या रांगेत, त्यांच्या खांद्यावर पाहुण्यांनी घातलेली नवी शाल, आणि बाजूला कमळाबाई, पदर डोक्यावर, नजर पायाच्या अंगठ्याकडे. हेमराज पांढऱ्या बनियनीत, केस फौजी कापलेले, लोकांना पाणी देत फिरत होता. त्यानं गफ्फारच्या गालाकडे पाहून काय झालं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याला व्यासपीठावर नेऊन बसवलं. नागपूरहून आलेल्या पाहुण्यांनी चादर काढली. दगडावर लोकेशचं नाव, खाली 'शत्रूच्या भ्याड व विश्वासघातकी हल्ल्यात', आणि त्याखाली तारीख आणि वेळ. दुपारी बारा वाजून वीस मिनिटे. छिन्नीनं खोल कोरलेलं. पाहुणे बोलायला उभे राहिले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ज्यांचा शब्द शब्द नाही, अशा शेजाऱ्याशी करार कसले करता, असं ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. बोलणी, फोन, झेंडे घेऊन भेटणं, ही सगळी बायकी थेरं आता बंद झाली पाहिजेत. टाळ्या. या मातीनं एक लोकेश दिला, आता दुसरा निघाला आहे. सगळ्यांनी हेमराजकडे पाहिलं. हेमराजची छाती फुगली. पाण्याचा जग त्याच्या हातात होता आणि त्याचा हात, गफ्फारला दिसलं, अगदी लोकेशसारखा होता, मनगटाशी तसाच रुंद.

मग गफ्फारचं नाव पुकारलं. शहीद लोकेशचे सोबती. तो माइकपाशी गेला आणि दोन वाक्यं तोंडात तयार होती. पहिलं बोलला. लोकेश बहाद्दर जवान होता. दुसऱ्याच्या जागी त्याला काळ्या फोनचं थरथरणारं प्लास्टिक तळव्याखाली जाणवलं, आणि सकाळपासून साठलेलं, सात वर्षांपासून साठलेलं, सगळं वर आलं. तो ओरडला नाही. म्हणाला, "त्या दिवशी ते दगड फोडून राह्यले होते, शाळेच्या रस्त्यासाठी. त्याइनं आदल्या दिवशी फोन करून आपल्याले वेळ सांगतली होती, बरोबर सांगतली होती. तो टाइम मी अर्धा तास चुकीचा लिहिला. पहिला गोळा आपल्याकडून गेला." मंडपात कोणाला काही कळलं नाही असा एक क्षण गेला. मग निवेदकानं माइक ओढला, कोणीतरी देशभक्तीचं गाणं लावलं, मागून एक आवाज आला की याले कोनं बोलावलं, आणि दुसरा आवाज आला की नाव तं पाह्य त्याचं. हेमराज जग तसाच टाकून व्यासपीठावर चढला आणि त्यानं गफ्फारची कॉलर धरली. ओठ नुसते हलत होते. गफ्फारनं त्याचा हात सोडवला नाही. शेवटी दोघातिघांनी हेमराजला बाजूला घेतलं आणि गफ्फार पायऱ्या उतरून सरळ चालू लागला. कमळाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त मान वर केली होती आणि त्या दगडाकडे बघत होत्या.

बसचा थांबा गावाबाहेर, मोहाच्या झाडाखाली. बसला अजून अर्धा तास होता. अर्धा तास! त्याला हसू येईल असं वाटलं, आलं नाही. खूप मोकळं वाटेल असं सात वर्षं त्याला वाटत आलं होतं, तसंही काही झालं नाही. राग होता तिथंच होता. बांधावरून गुणवंतराव येताना दिसले. शाल खांद्यावरून घसरून एका बाजूनं मातीत लोळत होती. म्हातारा घाई न करता चालत आला, धोतराचा सोगा हातात धरून, आणि झाडाच्या मुळीवर बसला. मार खायची गफ्फारची तयारी होती. खरं तर त्याला तो हवाच होता.

"तो कागद तुयाच हातचा?" गुणवंतरावांनी विचारलं.

गफ्फार हो म्हणाला. म्हातारा समोरच्या लाखोळीच्या शेताकडे बघू लागला. तलावाच्या पाण्याची पाळी या गावात वर्षानुवर्षं तेच सांभाळत होते. वरच्या गावाचं पाणी किती वाजता बंद, खालच्याचं किती वाजता सुरू, कोणी आधी पाटाचं तोंड उघडलं तर कोणाची धानाची बांधी वाहून गेली, हे सगळं त्यांच्या डोक्यात. ते बोलले तेव्हा आवाज अगदी पाळीच्या बैठकीतल्यासारखा होता.

"पाण्याच्या पाळीत अर्धा तास कोनाचाबी चुकते. माया हातूनबी चुकला आहे. डोके फुटतेत. पन दुसऱ्या दिवशी वरच्या गावी जाऊन बोललं, का बाबू, चूक आमची होती, तं पुढच्या साली पानी येते. तू बोलला नाई त्याइच्याशी?"

गफ्फार म्हणाला की वरून फोन बंद करायला सांगितलं.

"मंग वाजला नाई तो?"

इथं खोटं बोलता आलं असतं. एक शब्द, आणि म्हातारा उठून गेला असता, कदाचित खांद्यावर हात ठेवून. गफ्फारनं सांगितलं की वाजला. तीन मंगळवार वाजला. तिसऱ्यांदा तर लई वेळ वाजला.

गुणवंतरावांनी त्याच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते आणि इतका राग गफ्फारनं कोणाच्याही तोंडावर कधी पाहिला नव्हता. मंडपातला, हेमराजचा, त्याचा स्वतःचा, सगळे राग त्याच्यापुढे पोरकट होते.

"वाजून राह्यला होता," ते म्हणाले, "तं उचलला काऊन नाई?"

हुकूम होता, असं गफ्फार म्हणाला. ते त्याच्या स्वतःच्याच कानाला लागलं. गुणवंतरावांनी तो शब्द स्वतःशी पुटपुटला, हुकूम, आणि मातीत पडलेली शाल उचलून झटकली, पण खांद्यावर घेतली नाही. गुंडाळी करून काखेत धरली. तेवढ्यात गफ्फारच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्यानं काढून पाहिला. खुर्शीदा. म्हणजे मंडपातलं कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं आणि ते चंद्रपूरपर्यंत पोचलंही होतं. ती काय विचारणार, रडणार की शिव्या देणार, दाराला कडी लावून बसली असेल का, बाहेर लोक जमले असतील का, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्याचा अंगठा काचेवर तसाच राहिला. घंटा वाजत होती. रस्त्यावर लांब बसची धूळ दिसू लागली.

"उचल," गुणवंतराव म्हणाले.